लाल अंबाडी लावायचीय? आधी तारीख बघा (सातारा-सांगलीकडच्यांसाठी)

लाल अंबाडीबद्दल, म्हणजे जिच्या आंबट लाल बोंडांचं सरबत-चटणी होते तिच्याबद्दल, सगळे विचारतात खत कुठलं टाकू, पाणी किती देऊ. ते सगळं नंतर, आधी तारीख. हे झाड दिवसाच्या लांबीवर चालतं, दिवस लहान आणि रात्र मोठी व्हायला लागली की मगच ह्याला कळ्या लागतात, आपल्याकडं म्हणजे दसऱ्याच्या आगंमागं, ऑक्टोबरात. तुम्ही जूनमध्ये लावा नाहीतर सप्टेंबरात लावा, फुलणार ऑक्टोबरातच. फरक एवढाच की जूनमधलं झाड तोवर डोक्याएवढं होऊन चहूबाजूंनी फांद्या फुटलेलं असतं आणि सप्टेंबरातलं गुडघ्याएवढं असतानाच फुलायला लागतं, मग त्याला लागून लागून किती बोंडं लागणार. "आमच्याकडं येतच नाही हो" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं, गणपती झाल्यावर हौस येते आणि मग बी टाकतात.

आणि आणखी एक, दारातल्या लाईटच्या खांबाखाली लावू नका. रात्रभर उजेड पडत राहिला तर झाडाला रात्र मोठी झालेली कळतच नाही, फूल लांबतं. शेवंतीवाले मुद्दाम बल्ब लावून हेच करतात, आपल्याला ते नकोय.

आता नेमकी कुठली अंबाडी ते बघू, कारण बाजारात गोंधळ आहे. आपण बांधाला, शेंगात, तुरीत पूर्वीपासून जी लावतो ती हिरवट खोडाची, काट्याकाट्याची, जिचा वाख काढून दावी-कासरे वळायचे, ती वेगळी. तिची पानं भाजीला चालतात पण बोंडाला मांस नसतं, नुसती काटेरी टोपी. आपल्याला हवी ती लाल अंबाडी, हिबिस्कस सबदारिफा, खोड आणि देठ तांबडं-जांभळं, आणि फूल गळून गेलं की खालची जी लाल पाकळ्यांसारखी टोपी असते ती फुगून जाड, रसाळ, आंबटढाण होते. त्या टोपीसाठीच हा सगळा खटाटोप. दोघी बहिणी-बहिणी, जास्वंदीच्या-भेंडीच्या घराण्यातल्या, आणि दोघींचं माहेर आफ्रिका. लाल अंबाडी तिकडं आजही घरोघरी आहे, सुदान-इजिप्तमध्ये तिचं करकदे पितात, सेनेगलमध्ये बिसाप, नायजेरियात झोबो. तेलंगण-आंध्रात हीच गोंगुरा म्हणून पानासाठी लावतात, आणि जतच्या पलीकडं कर्नाटकात गेलात की पुंडी.

बी घेताना म्हणून नुसतं "गोंगुरा" असं पाकीट बघून उचलू नका. गोंगुऱ्यात हिरव्या देठाची, नुसत्या पानाची जातपण असते, तिची बोंडं बारकी आणि फिकी. बोंडाचा फोटो मागा, जाड लाल पाकळ्या दिसल्या तरच घ्या. विदर्भात कुणी पाव्हणं असेल तर सगळ्यात बरं, तिकडं अंबाडीच्या फुलांची चटणी-सरबत नेहमीचं आहे, मूठभर बी सहज मिळतं.

जागा कुठली

आपल्या दोन जिल्ह्यांत पाऊस म्हणजे दोन टोकं. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि माण-आटपाडीला पाचशेच्या आत. त्यामुळं सगळ्यांना एकच सल्ला चालत नाही.

माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ इकडं मुरमाड हलकं रान असलं तरी चालतं, झाड काटक आहे, मुळी खोल जाते, फक्त ऑगस्टात पावसानं दडी मारली तर पंधरा दिवसांनी एखादं पाणी द्या. कृष्णाकाठच्या काळ्या रानात, वाळवा-पलूस-मिरज भागात, झाड मजबूत येतं पण तिथं धोका साचलेल्या पाण्याचा. ह्या झाडाला सगळं सोसतं, पायात पाणी सोसत नाही. दोन-चार दिवस पाणी तुंबलं की बुंधा काळा पडतो, पानं मान टाकतात आणि मग काही करून उपयोग नाही. म्हणून काळ्या रानात सपाट वाफ्यात न लावता सरीच्या वरंब्यावर लावा, आणि २०१९ ला जिथवर पुराचं पाणी आलं होतं तिथं तर लावूच नका, परड्यात उंचवट्याला लावा. पश्चिमेकडं पाटण, जावळी, महाबळेश्वर तिकडच्यांनी उताराची जागा बघावी. महाबळेश्वरच्या अगदी माथ्यावर मात्र मी म्हणेन नादाला लागू नका, एकतर तेवढा पाऊस आणि बोंडं भरायच्या वेळी थंडी, वेण्णा तलावाकडं ज्या हवेत हिमकण पडतात त्या हवेचं हे झाड नाही.

ऊन दिवसभर पाहिजे. नारळाच्या नाहीतर आंब्याच्या सावलीत झाड उंचच उंच जातं आणि बोंडं चार.

मागच्या वर्षी जिथं भेंडी होती तिथं लावू नका, भेंडीच्या मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी जमिनीत असते ती हिच्याही मुळांना लागते. कांदा, ज्वारी, शेंगा होत्या ती जागा चांगली.

पेरायचं कसं

मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे रान ओलं पण चिखल नाही असं झालं, की टोकण करायची. जूनचा दुसरा पंधरवडा धरा, जुलैचा पहिला आठवडापण चालून जातो, त्यापुढं मात्र दर आठवड्याला नुकसान. बी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी पाणी ओतून द्या, एका जागी तीन-तीन बिया अर्ध्या बोटाच्या पेरापेक्षा खोल नाहीत अशा टोका. आठवड्याच्या आत उगवतं. वीतभर झालं की तिघांतलं एक जोमदार ठेवून बाकीची उपटा, उपटलेली फेकू नका, पहिली भाजी तीच.

अंतर हा नवख्यांचा दुसरा घोटाळा. नुसत्या भाजीसाठी असेल तर मेथीसारखं दाट फोका, महिनाभरात कापून खा. बोंडासाठी मात्र तीन फूट बाय तीन फूट, गुंठ्यात १२० च्या आसपास झाडं बसतात. जुलैमध्ये बघाल तेव्हा रान मोकळं मोकळं दिसतं आणि बायको म्हणते मधे काहीतरी टाका, तर मधे कोथिंबीर-पालक टाका, खुशाल, पण अंबाडीचं आणखी रोप दाटीवाटीनं घुसवू नका. सप्टेंबरात तिथनं माणूस जात नाही एवढी गर्दी होते. फ्लॅटवाल्यांनी वीस लिटरची बादली किंवा ग्रो बॅग, एका बॅगेत एकच झाड, खाली भोकं मोठी.

खत फार लागत नाही. टोकताना आळ्यात घमेलंभर कुजलेलं शेणखत, आणि दीड महिन्यानं परत थोडं, झालं. ऊसाला टाकायला आणलेल्या युरियाची मूठ हिला टाकायचा मोह होतो, नको. झाड नुसतं पानानं माजतं, खोड ठिसूळ होतं आणि बोंडं मागं पडतात. पहिले दीड-दोन महिने भांगलण मात्र वेळेवर करा, एकदा झाडांनी एकमेकाला हात लावले की तण आपोआप दबतं.

झाड दीड-दोन फुटाचं झालं की शेंडा खुडा. जुलैअखेर एकदा, मग बाजूच्या फांद्या हातभर झाल्या की त्यांचेही शेंडे, ऑगस्टअखेरपर्यंत. जेवढ्या फांद्या तेवढी बोंडं, आणि खुडलेले शेंडे घरात भाजीला. सप्टेंबरच्या मध्यानंतर मात्र हात आवरा, तिथनं पुढं त्याच शेंड्यांना कळ्या लागायच्या असतात. परतीच्या पावसाला वारं असतं आणि बोंडांनी जड झालेलं झाड मुळासकट आडवं होतं, त्यामुळं गणपतीत सवड मिळेल तेव्हा बुंध्याला भर लावून घ्या, एक-एक काठी रोवली तर अजून चांगलं.

तणनाशकाचं तेवढं सांभाळा. आपल्याकडं शेजारी ऊस असतोच आणि ऊसात टू-फोर-डी मारतातच. ऊसाला त्यानं काही होत नाही पण कापूस, भेंडी, अंबाडी ह्या घराण्याला त्याचा नुसता वास लागला तरी पानं मुरडतात, लांबट दोऱ्यासारखी होतात. पान असं दिसलं की लोक व्हायरस म्हणून औषधं मारत बसतात. तर बांधावरच्या शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा, वारं आपल्या बाजूला असेल तेव्हा मारू नको बाबा म्हणून, आणि दोन-तीन सऱ्या सोडून आत लावा. तोच पंप धुऊन आपल्या अंबाडीवर काही फवारायचं नाही, पंप कितीही धुतला तरी.

कीड म्हणाल तर पांढरा पिठ्या ढेकूण येतो, शेंड्यात आणि बोंडाच्या बुडाशी, बरोबर मुंग्यांची रांग. लागलेला शेंडा तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा, बाकीच्यावर पाच टक्के निंबोळी अर्क. मावा-तुडतुड्यांनाही तेच. जे पान आणि जे बोंड आपण खाणार, चहासारखं उकळून पिणार, त्यावर जालीम औषध मारण्यात काय अर्थ आहे.

तोडणी

ऑक्टोबरात फुलं येतात, फिकट पिवळसर-गुलाबी, मधे गडद मरून ठिपका, दिसायला जास्वंदीहून नाजूक. फूल एक दिवसाचं. सकाळी उमलतं, दुपारनंतर मिटतं, गळून जातं. फूल तोडायचं नाही, खरं काम पुढं सुरू होतं. फूल गळाल्यापासून साधारण पंधरा ते वीस दिवसांनी खालची लाल टोपी भरते, मधे हिरवं बोंडूक म्हणजे बियांची डबी, भोवती पाच जाड पाकळ्या वर मिटलेल्या. तोडायची वेळ ओळखायची खूण सोपी आहे, सकाळच्या दवात बोटानं वाकवलं की कट्‌ आवाज होऊन देठातनं तुटतं. ताणून सालपट निघत असेल, कात्री लागत असेल, तर जून झालं, पाकळ्या कागदासारख्या व्हायला लागल्यात आणि आतलं बोंडूक तपकिरी पडून तडकणार आहे. तसली बियाला ठेवा.

सगळी एकदम तयार होत नाहीत, खालून वर येत जातात. आठ-दहा दिवसांनी एक फेरी मारा, तोडत राहिलं की झाड परत कळ्या काढतं, डिसेंबरपर्यंत चालतं. चांगल्या रानात मोकळ्या झाडाला सगळ्या फेऱ्या मिळून किलोभर ओली बोंडं धरा.

मग येतं सगळ्यात वेळखाऊ काम, आतलं बोंडूक काढायचं. त्याच्यावर बारीक कूस असते, ती बोटांना आणि मनगटाला खाजते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. सुरीनं बुडाशी गोल काप देऊन उकलत बसलं की पाव किलोला तासभर जातो. त्यापेक्षा भांड्यांच्या नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातनं बोंडकाच्या जाडीचा, करंगळी-अंगठ्याच्या मधल्या मापाचा, स्टीलचा पाईप वीतभर कापून घ्या, एका तोंडाला कानस मारून धार करा. बोंड डाव्या हातात उलटं धरायचं, पाईप देठाच्या बाजूनं लावून थोडं फिरवत दाबायचं, बोंडूक पाकळ्यांच्या बाजूनं टप्पकन्‌ बाहेर पडतं आणि हातात अख्खी लाल टोपी राहते, आत एकही केस नाही. हात बसला की गप्पा मारत बुट्टी होते. लहान मुलांना हे काम फार आवडतं, फक्त पाईपची धार बघून द्या. कोवळी हिरवी बोंडकं टाकू नका, जॅमला लागणारेत.

वाळवण

टोप्या एका पाण्यातनं काढून निथळा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात भराभर वाळतात खऱ्या पण रंग विटतो, मातकट होतात. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातल्यांना तर सोय दारातच आहे, बेदाण्याचं शेड. बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारीपासून, नोव्हेंबर-डिसेंबरात ते जाळीचे रॅक मोकळेच पडलेले असतात, खालूनवरून वारं, वर छप्पर, अंबाडीला ह्यापेक्षा चांगली जागा नाही. पण रॅक आधी धुऊन घ्या, मागच्या गंधकाच्या धुरीचा आणि डिपिंग ऑईलचा वास टोप्या पटकन धरतात. शेड नसेल तर बाजेवर शेडनेट टाकून, वर पातळ साडी झाकून. थर एकच, रोज एकदा हलवायच्या, रात्री दव पडायच्या आत घरात घ्यायच्या. पाच-सहा दिवसांत बोटात चुरा झाल्यासारखा आवाज येतो. चामड्यासारखी लवत असेल तर अजून एक-दोन दिवस, अर्धवट वाळलेली बरणीत भरली की बुरशी धरते आणि बुरशी धरलेली बरणी पूर्ण फेकायची, वरवरची काढून नाही. दहा किलो ओल्याचं किलोभर वाळकं होतं हे हिशोबात धरा. घट्ट झाकणाची बरणी, अंधारं कपाट, वर्षभर चिंता नाही.

खायचं-प्यायचं

पानांचं आपल्याकडं सांगायला नको, गरगटं. तरी नवख्यांसाठी सांगतो. पानं देठ काढून आधी वेगळी उकडा, आंबटपणा फार वाटला तर ते पाणी थोडं काढून टाका. तूरडाळ किंवा हरभराडाळ, शेंगदाणे आणि ज्वारीच्या कण्या शिजवून त्यात पानं घालून रवीनं घोटा, हिरवी मिरची, मीठ, जराशी गुळाची चव. वरनं लसणाची फोडणी, आणि ही फोडणी कंजुषीनं करायची नाही, तेलात लसूण लाल होईपर्यंत, मग सुकी मिरची. शाळूची भाकरी, कांदा. पानांची अशी घोटीव आंबट चटणी सेनेगलमध्येही भात-माशाच्या ताटात असते, तेव्हा आपण काही वेगळं करत नाही.

सरबताला लिटरभर पाणी उकळा, त्यात वाळक्या टोप्या २०-२५ ग्रॅम, म्हणजे मोठ्या दोन मुठी, पाच मिनिटं उकळून झाकून ठेवा, वीस मिनिटांनी गाळा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. अल्युमिनियम, पितळ, बिनकल्हईचं तांबं ह्यात आंबट पदार्थ उकळायचा नाही. साखर शंभर ग्रॅमपासून सुरू करून आपल्या चवीनं. गूळ घातला तर चव झकास पण रंग चहासारखा तपकिरी, पाव्हण्यांसमोर लाल ग्लास पाहिजे असेल तर साखरच. नायजेरियावाले आलं-लवंग घालतात, सेनेगलवाले पुदिना, मला आलं आणि चिमूटभर काळं मीठ. उकळायचंच नसेल तर रात्रभर थंड पाण्यात भिजत ठेवा, तुरटपणा कमी येतो. दूध घालायचं डोक्यात आणू नका, फाटतं. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस.

पोरांना एक गंमत दाखवा, ग्लासातल्या फिक्या सरबतात चिमूटभर खायचा सोडा टाकायचा, लाल रंग जांभळट-निळसर होतो, वर लिंबू पिळलं की परत लाल. अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं त्याची ही करामत. (तो ग्लास प्यायचा नाही अर्थात.)

ओल्या टोप्यांची चटणी: तेलावर टोप्या परता, मऊ पडल्या की हिरव्या मिरच्या, लसूण, जिरं, भाजलेले शेंगदाणे घालून खलबत्त्यात कुटा. मिक्सरला लगदा होतो, तो प्रकार वेगळा लागतो.

जॅमला बाहेरचं पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा पदार्थ, लागत नाही, म्हणून हा जॅम मला स्ट्रॉबेरीच्या जॅमपेक्षा सोपा वाटतो. ती बाजूला ठेवलेली कोवळी बोंडकं पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळा, पाणी बुळबुळीत होतं, दाट कपड्यानं गाळा म्हणजे कूस वर राहील. त्या पाण्यात किलोभर टोप्या मऊ शिजवा, मग पाऊण किलो साखर, मोठ्या आचेवर हलवत राहा. गार बशीत थेंब टाकून बोटानं ढकलल्यावर सुरकुती पडली की गॅस बंद.

जरा जपून. ह्या सरबतानं रक्तदाब थोडा उतरतो असं अभ्यासांत दिसलंय, त्यामुळं बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी रोजचा ग्लास सुरू करायच्या आधी डॉक्टरला विचारा, आणि गोळीच्या जागी सरबत हा उद्योग तर अजिबात नको. गरोदर बायकांनी टाळलेलं बरं. पानात ऑक्झॅलिक आम्ल असतं, मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी गरगटं पोटभर खाऊ नये.

विकायचं असेल तर

युट्यूबवर किलोचे भाव ऐकून कुणी एकर लावायला निघालं असेल तर थांबा. सांगलीत हळद-बेदाण्याचे सौदे निघतात तसा ह्याचा निघत नाही, गिऱ्हाईक तुम्हालाच शोधायचंय. पहिल्या वर्षी गुंठाभर लावा. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर पर्यटकांना वाळक्या टोप्या शंभर-शंभर ग्रॅमच्या पाकिटात जातात, सरबताच्या बाटल्यांपेक्षा टोप्या विकणं सोपं, कारण फुटत नाहीत, आंबत नाहीत. घरात बनवून विकायचं म्हटलं तर एफएसएसएआयचं (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचं) रजिस्ट्रेशन आधी करून घ्या. आणि बोंडूक काढायची मजुरी हिशोबात धरायला विसरू नका, सगळा नफा तिथंच जातो.

पुढच्या वर्षाच्या बियाला सगळ्यात भारी दोन झाडं निवडून त्यांना लाल दोरा बांधा आणि पहिल्या बहाराची काही बोंडं त्यांच्यावर तशीच वाळू द्या. हे झाड बहुतेक स्वतःच्याच परागावर बी धरतं, त्यामुळं शेजारी हिरवी अंबाडी असली तरी फार बिघडत नाही. बोंडूक तपकिरी होऊन तडकायला लागलं की लगेच काढा, उशीर केला तर बी खाली सांडतं आणि कपाशीवरचे लाल ढेकूण आधी पोचतात. चोळून, पाखडून, दोन दिवस उन्हात, मग राखेत मिसळून डब्यात. राहिलेल्या दांड्या पाण्यात पंधरा दिवस बुडवल्या तर सालीचा वाख सुटतो, बोंडाला ठेवलेल्या झाडाचा जरा जाडाभरडा निघतो, पण द्राक्षाच्या काड्या नाहीतर टोमॅटो बांधायला बास होतो, सुतळीचा खर्च वाचतो.